‘मानधन घेतलं, विषय संपला’? कायदा तसं म्हणत नाही

ठाण्यातल्या नाटक-गाण्याच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सूर असा: गीतकार-संगीतकारानं एकदा मानधन घेतलं की गाण्यावरचा त्याचा हक्क संपला, रॉयल्टी म्हणजे आयोजकांची लूट, आता लग्नातल्या गाण्यांचेही पैसे मागतात, आणि म्युझिक पब्लिशिंग (गाण्याच्या शब्द-चालीचे हक्क सांभाळायचं काम) म्हणजे दलाली, मुलांनी त्या वाटेला जाऊ नये. मी म्युझिक पब्लिशिंगमध्येच नोकरी करते आणि हे वाचून तरुण गीतकार डोळे मिटून सह्या करतील याची मला खरंच भीती वाटते.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या निकालानंतर सिनेमाच्या गाण्यांबाबत निर्मात्याचंच पारडं जड होतं, हे खरं. पण गीतकार-संगीतकार त्याविरुद्ध लढले, जावेद अख्तरांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि कॉपीराइट कायदा बदलला. 21 जून 2012 पासून हा बदल लागू आहे. चित्रपटगृहात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढा वापर सोडला, तर रेडिओ, टीव्ही, मोबाइल अशा बाकी वापरांच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा निम्मा वाटा असतो. तो सोडून देता येत नाही; फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. सिनेमाबाहेरच्या, अल्बममधल्या गाण्यांनाही हेच संरक्षण आहे.

तरीही माझ्यासमोर करार येतात त्यांत ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ असं ठोकून दिलेलं असतं. खाली नवख्या कवीची सही. अशा करारातला रॉयल्टीचा वाटा काढून घेणारा भाग कायद्यानं रद्दबातल आहे. करारात मुदतच लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे त्या पोरांना कुणी सांगतच नाही!

आणि हक्क संपतो कधी? लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम 1997 साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2057 अखेरपर्यंत शाबूत आहे.

लुटीचं म्हणाल, तर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिकीट लावून जुन्या गाण्यांची मैफल करणारा आयोजक हॉलचं भाडं भरतो, साउंडवाल्याला पैसे देतो, वादकांना पाकीट देतो. ज्याच्या शब्दांवर आणि चालीवर तिकिटं खपली, त्यालाच द्यायची वेळ आली की ती लूट कशी?

लग्नाच्या बाबतीत मात्र त्या मजकुरातली तक्रार रास्त आहे. वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना कायद्यानंच सूट दिली आहे. तिथे कुणी लायसन्सचे पैसे मागितले तर खुशाल कायद्यातली ही सूट दाखवा. पण पाम बीच रोडवरच्या हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी म्हणजे लग्न नव्हे.

राहता राहिली दलाली. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पब्लिशर पहिला सांभाळतो. माझा अर्धा दिवस एक्सेल शीटवर जातो. एकच गीतकार एका गाण्यावर टोपणनावानं, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी, तिसऱ्यावर आडनावाच्या वेगळ्याच स्पेलिंगनं नोंदलेला असतो. नावं जुळेपर्यंत पैसे अडकून राहतात. ती जुळवायची, कुणाचा किती वाटा ते लेखी ठरवून घ्यायचं, आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीकडे) गाणी नोंदवायची, जाहिरातीत गाणं वापरायचं असेल तर दर ठरवायचा, स्टेटमेंट तपासायचं. कायदा, हिशेब आणि गाण्याचा कान, तिन्ही लागतात. मराठी नीट वाचता येणारी माणसं इथे हवीच आहेत.

घरात एखाद्या दिवंगत गीतकाराच्या वह्या आणि जुने करार पडून असतील, तर ते रद्दीत घालू नका. वारसांनाही आयपीआरएसचं सभासद होता येतं.