‘सिंहगडाच्या मनोऱ्या’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही नेटवर्कांवर (देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांवर) आणि सिंडिकेशनवर, म्हणजे कार्यक्रम एकेका स्टेशनला थेट विकण्याच्या पद्धतीवर, मी लिहिलेल्या लेखाखाली काल एक सविस्तर प्रतिक्रिया आली. जिने ती वाचली नसेल किंवा ज्याने वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: लेख विनाकारण लांबलाय, १९७० चा नियम मी १९७१ चा म्हणून सांगितलाय, सिंडिकेशन म्हणजे शेवटी शिळ्या मालिकांचा बाजार, मोठ्या शहरांतली स्टेशनं नेटवर्कच्याच मालकीची होती, तेव्हा स्वातंत्र्याच्या गप्पा फोल. आणि मधोमध हे वाक्य: “स्टेशनं करायची काय, तर वरून आलेलं खाली सोडायची, आपल्या सिंहगडावरच्या मनोऱ्यासारखी. उगाच पांडित्य कशाला?”

महोदय, चूक आधी कबूल करतो. संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेतला काही भाग नेटवर्ककडून काढून घेणारा प्राइम टाइम ॲक्सेसचा नियम एफसीसीने, म्हणजे प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाने, मंजूर केला १९७० मध्ये, आणि तो लागू झाला १९७१ च्या शरद हंगामापासून. मी एकच साल दिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल तुमचे आभार.

पण “उगाच पांडित्य” हे शब्द मला लागले, आणि लागले हे लपवण्यात अर्थ नाही. मुद्दा खोडायचा तर खोडावा, त्यासाठी लिहिणाऱ्याच्या हेतूवर घसरायची गरज नसते. तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत, त्यातला निम्मा मजकूर माझ्या लिहिण्याच्या हौसेवर आहे. विषयावर जे आहे त्यात सगळ्यात ठाम वाक्य सिंहगडाचं, आणि नेमकं तेच चुकीचं आहे. म्हणून त्यावरच बोलतो.

सिंहगडावरचा मनोरा दूरदर्शनच्या मुंबई केंद्राचे कार्यक्रम पुण्याला पोचवायचा. त्याला स्वतःचा जाहिरात विभाग नव्हता. आज हा कार्यक्रम नको, त्याऐवजी दुसरा लावू, असं ठरवणारा माणूस तिथे नव्हता. अमेरिकेतलं संलग्न स्टेशन म्हणजे एखाद्या स्थानिक मालकाचा धंदा. प्रक्षेपणाचा परवाना त्या मालकाच्या नावावर, आणि काय दाखवलं याचा जाब एफसीसीपुढे त्यालाच द्यावा लागे, नेटवर्कला नव्हे. नेटवर्कशी असायचा तो करार, आणि दीर्घकाळ तो एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करताच येत नसे. कार्यक्रम नाकारायचा हक्क स्टेशनकडे होता. त्या धंद्यात याला ‘क्लिअरन्स’ म्हणत: नेटवर्कने कार्यक्रम देऊ करायचा आणि स्टेशनने त्यासाठी वेळ मोकळी करून द्यायची. मोकळी केलेल्या त्या वेळेबद्दल नेटवर्क स्टेशनला पैसे मोजायचं. मनोऱ्याला कोणी भाडं देतं का?

नकाराचे परिणाम किती खरे होते याची दोन उदाहरणं देतो. कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल यांचा कार्यक्रम एनबीसी या नेटवर्कवर १९५६ मध्ये सुरू झाला आणि १९५७ च्या अखेरीस संपला. राष्ट्रीय प्रायोजक मिळेना, आणि दक्षिणेतली अनेक स्टेशनं तो लावायलाच तयार नव्हती. दुसरं मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातलं डब्ल्यूएलबीटी. हेही एनबीसीचंच संलग्न स्टेशन. १९५५ मध्ये नेटवर्कवर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थरगुड मार्शल यांची मुलाखत चालू असताना या स्टेशनने ती तोडली आणि पडद्यावर पाटी लावली: केबलमध्ये बिघाड, क्षमस्व. पुढे याच स्टेशनच्या परवान्यावरून खटला झाला. आपल्या भागातलं स्टेशन काय दाखवतं यावर आक्षेप घ्यायचा हक्क सामान्य प्रेक्षकाला १९६६ च्या निकालाने मिळाला, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने परवान्याचं नूतनीकरणच रद्द ठरवलं. वरून आलेलं नुसतं खाली सोडणाऱ्या मनोऱ्यावर कोण खटला भरेल?

आणि पिट्सबर्ग. १९४८ ते १९५२ नवे परवाने गोठवलेले होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या शहरात कित्येक वर्षं एकच व्यावसायिक स्टेशन होतं, डब्ल्यूडीटीव्ही. मालकी ड्युमाँट नेटवर्कची, पण त्यावर एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि ड्युमाँट या चारही नेटवर्कांचे कार्यक्रम निवडून लागत. बाकीच्या नेटवर्कांना पिट्सबर्गचे प्रेक्षक हवे असत, तर इतर शहरांत ड्युमाँटला वेळ द्या, अशी सौदेबाजी या एका स्टेशनच्या जोरावर चालायची. ड्युमाँटने पैशांच्या ओढीपायी ते वेस्टिंगहाउसला विकलं आणि वर्ष-दीड वर्षात ते नेटवर्कच आटोपलं.

आता स्टेशन दिवसभर करायचं काय, ते. नेटवर्कच्या कार्यक्रमात जाहिरातींची बहुतेक वेळ नेटवर्क विकायचं. स्टेशनच्या वाट्याला दोन कार्यक्रमांमधल्या फटीतल्या मोजक्या जाहिराती आणि वर सांगितलेला मोबदला, एवढंच. सिंडिकेटेड कार्यक्रम स्टेशन रोख पैसे देऊन स्वतः आणायचं, आपल्या बाजारपेठेत तो दुसरा कोणी लावणार नाही अशा अटीवर, आणि त्यातल्या सगळ्या जाहिराती स्वतः विकायचं. तिसरा प्रकार बार्टर: कार्यक्रम फुकट किंवा स्वस्तात, पण जाहिरातीची काही मिनिटं वितरकाने आधीच विकलेली. १९८७ ची ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ अशीच गेली. तासातल्या जाहिरातींच्या बारा मिनिटांपैकी सात वितरक पॅरामाउंटची, पाच स्टेशनची. साबणाची एजन्सी असलेला गावातला दुकानदार जाहिरात घेऊन आला, तर त्याला कोणत्या मिनिटात बसवायचं, हा हिशेब स्टेशनच्या मॅनेजरला रोज करावा लागे. नेटवर्कचा कमी चालणारा अर्धा तास काढून तिथे सिंडिकेटेड मालिका लावायचा मोह व्हायचा तो याच हिशेबामुळे.

उपग्रह येईपर्यंत हा माल यायचा खोक्यातून. सोळा मिलिमीटरच्या प्रिंटा टपालाने किंवा पार्सलने यायच्या. या फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी, आणि वेग सेकंदाला २४. म्हणजे मिनिटाला ३६ फूट. अर्ध्या तासाच्या भागाचा खरा मजकूर २५-२६ मिनिटांचा, तो सव्वानऊशे फुटांच्या आसपास भरे आणि १,२०० फुटांच्या रिळात आरामात मावे. प्रत्येक स्टेशनसाठी वेगळी प्रिंट काढणं परवडत नसे. म्हणून एका स्टेशनने भाग दाखवायचा, रीळ उलटं गुंडाळून खोक्यात भरायचं आणि यादीतल्या पुढच्या स्टेशनला रवाना करायचं. या फिरवाफिरवीला तिथे ‘बायसिकलिंग’ म्हणत.

घोटाळे इथेच व्हायचे. अगोदरच्या स्टेशनने खोकं दोन दिवस उशिरा पाठवलं की पुढच्याकडे त्या दिवशी भागच नसे, आणि हाताशी असेल तो जुना भाग पुन्हा लावावा लागे. क्रम विस्कटायचा, म्हणून जिचा प्रत्येक भाग स्वतंत्र उभा राहतो अशा मालिकेला जास्त मागणी. जाहिरात कुठे घालायची हे ऑपरेटरला कळावं म्हणून स्टेशनं चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खूण करत, कोणी ओरखडा काढून, कोणी भोक पाडून. पाचव्या-सहाव्या स्टेशनपर्यंत तोच कोपरा खुणांनी भरून जायचा आणि नेमकी आपली खूण कुठली ते ऑपरेटरला उमगायचं नाही. जाहिराती वाढवायच्या म्हणून कोणी प्रसंग कापे. परत जोडताना दर जोडाला एखाददुसरी चौकट जाई आणि संवादाचं एक अक्षर गिळलं जाई. सुकलेला जोड प्रोजेक्टरच्या दारात अडकला की फिल्म तिथेच तुटायची. रंगीत प्रिंटांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि चेहरे गुलाबी पडतात. हे पुस्तकातून उचललेलं नाही. फिल्म सोसायटीसाठी सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर मी अकरा वर्षं चालवलाय, आणि तुटलेल्या फिल्मचा आवाज अंधारातही ओळखतो. तुमच्या प्रतिक्रियेत प्रोजेक्टरचा उल्लेख कुठेच नाही.

सिंडिकेशन म्हणजे शिळ्या मालिका, या विधानाला दोन ओळी पुरेत. झिव कंपनीची ‘सी हंट’ १९५८ पासून नवी कोरी बनवून थेट स्टेशनांना विकली गेली. ‘ही हॉ’ सीबीएसने आणि लॉरेन्स वेल्क यांचा कार्यक्रम एबीसीने १९७१ मध्ये बंद केला, आणि दोन्ही पुढे वर्षानुवर्षं नव्या भागांसह सिंडिकेशनमध्येच चालले. त्याच वर्षी ॲक्सेस नियमाने पन्नास मोठ्या बाजारपेठांतल्या संलग्न स्टेशनांवर, संध्याकाळी सात ते अकरामध्ये, नेटवर्कला तीनच तास ठेवले. मोकळ्या अर्ध्या तासात नेटवर्कचे जुने भाग लावायलाही लवकरच बंदी आली, म्हणून तिथे नव्याने बनवलेले स्वस्त गेम शो आले. शिळं तर कायद्यानेच बाहेर ठेवलं होतं.

मोठ्या शहरांतल्या नेटवर्कच्या मालकीच्या स्टेशनांचा तुमचा मुद्दा माहीत आहे. एका नेटवर्कला व्हीएचएफवरची (टीव्हीच्या तेव्हाच्या मुख्य लहरीपट्ट्यावरची) पाचच स्टेशनं स्वतःची ठेवता येत, शेकडो संलग्न स्टेशनांपुढे पाच. ते प्रकरण निराळं आहे, इथे गुंतवू नका. लांबीबद्दल म्हणाल, तर लेख मी कापणार नाही. सिंहगडाचं वाक्य मात्र तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे, आणि प्रतिक्रियेची खिडकी त्यासाठी उघडीच ठेवतो.