एकादशी, शेंगदाणा आणि गार झालेली खिचडी

आषाढी एकादशी, सकाळचे साडेनऊ, समोर गरमागरम साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं. पहिला घास तोंडाशी नेला तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तुझा उपास मोडला."

आमची कन्या बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ह्याचा त्रास सगळ्या घराला होतो. मागच्या महिन्यात केळं हे बेरी आणि स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीच असं सांगून तिने आजीचं फ्रूट सॅलड नासवलं होतं, आज शेंगदाण्यावर संक्रांत. म्हणे शेंगदाणा हा नट नाहीच, फॅबेसी फॅमिली, तूर मूग चवळी वाटाणा ह्यांचा सख्खा भाऊबंद. "उपासाला डाळी-कडधान्य चालत नाही ना आजी? मग हे काय खातोय आपण?"

आई म्हणाली, "अगं दाणे म्हणजे काजू-बदामासारखेच की, गरिबाचा सुकामेवा."

"काजू-बदाम तरी कुठे नट आहेत? बदाम म्हणजे कोय फोडून काढलेली बी, जर्दाळूच्या नात्यातली. खरा नट म्हणजे हेझलनट, चेस्टनट."

हे दोन्ही आमच्या घरात फक्त महागड्या चॉकलेटच्या पाकिटावर आलेत, म्हणजे इतकी वर्षं दिवाळीला चांदीच्या वर्खाच्या डब्यातून आम्ही एकमेकांना नट म्हणून जे दिलं ते सगळं बोगस.

एवढ्यात कराडहून सासऱ्यांचा फोन, एकादशीचा रामराम घालायला. त्यांचं भुईमुगाचं रान आहे म्हणून मी गाढवासारखं विचारलं, की मामा, शेंग मुळालाच लागते ना? म्हणजे बटाट्या-रताळ्यासारखं कंदमूळ ठरवून प्रकरण मिटवावं हा हेतू. ते खो खो हसले. "मुळाला काय लागतंय जावईबापू! पिवळं फूल वरच येतंय, मग आऱ्या सुटत्यात, त्या खाली मातीत शिरत्यात आन् टोकाला शेंग धरती. म्हणून तर त्या टायमाला पिकावरनं रिकामा ड्रम फिरवायचा, आऱ्या मातीला टेकत्यात." मुलगी लगेच फोनमध्ये घुसली, "आणि मुळावर गाठी असतात ना आजोबा?" "असत्यात की, म्हणून तर भुईमूग काढल्यावर रान सुधारतंय." झालं, साक्षीदार फुटला, कारण हवेतला नत्र धरणाऱ्या त्या गाठी म्हणजे कडधान्याच्या खानदानाची खूणच.

"आणि नावातच आहे की," मुलगी म्हणाली, "भुई-मूग!"

हे मात्र लागलं. मूग उपासाला बाद, पण तोच भुईत गेला की पावन, हा नियम कोणी केला? मी सारवासारव म्हणून म्हटलं की शेंगदाणा इकडचा नाहीच, दक्षिण अमेरिकेतून आला, पोथी लिहिणाऱ्यांना तो माहीतच नव्हता तर बंदी कशी घालणार? तर कळलं की साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरचीसुद्धा अमेरिकेतलीच, म्हणजे ताटलीत अस्सल आपलं म्हणाल तर तूप नि मीठ. जिरं आमच्याकडे उपासाला चालत नाही, का ते विचारायचं नाही.

आईने शांतपणे विचारलं, "रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करणार होते, मग तुला नको का?"

"बघ, तूच आमटी म्हणतेस! आमटी डाळीचीच असते ना?"

"नको का ते सांग."

"दोन वाट्या ठेव. आमसूल जरा जास्त."

बॉटनी इथे संपली. माझ्या खिचडीचा मात्र तोवर गोळा झाला होता, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर साबुदाणा असा चिवट झाला की चमचा उचलला की ताटली पण वर येईल. ती बाजूला सारून डब्यातले मूठभर भाजलेले दाणे घेतले, सालं फुंकली, एकेक टाकत गेलो, नट का डाळ, आता कोणाला पडलंय, आणि शेवटचा दाणा खवट निघाला.