‘आपल्या केंद्रांना विमा लागत नाही’: एका पालकाचं उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या विशेष मुलांच्या केंद्रांमध्ये सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. आशय असा: थेरपी सेंटर किंवा डे केअर चालवणाऱ्यांनी विम्यावर पैसे घालवू नयेत. मुलांना ‘निरामय’ ही सरकारी आरोग्य विमा योजना आहेच, ‘काही झालं तर केंद्र जबाबदार नाही’ असं हमीपत्र पालकांनी दिलेलं असतं, ट्रस्टवर ग्राहक मंचात दावा चालत नाही, मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचं आपण घरच्यासारखं बघतो, जागेचा विमा सोसायटीचा असतो, आणि शेवटी कंपन्या पैसे देतच नाहीत.

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सी असलेला, 23 वर्षांचा. रोज ठाण्यातल्या अशाच एका केंद्रात जातो आणि तिथले हिशेबही मीच बघते. उद्या दावा लावणारी पालक मी असू शकते आणि तो भरताना केंद्राच्या खात्यात काय शिल्लक आहे हेही मला ठाऊक असेल. म्हणून हा मेसेज मला असाच सोडून देता येत नाही.

आधी निरामय. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना चांगली आहे, प्रत्येक पात्र मुलाचं कार्ड काढाच. पण न्यासाचा 1999 चा कायदा चारच गटांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. म्हणजे तुमच्या केंद्रातली काही मुलं निरामयच्या बाहेरच असतील. आणि जी आत आहेत त्यांनाही वर्षाला 1 लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, तेवढंच. व्हीलचेअरवरून कॉटवर घेताना ब्रेक लावायचा राहिला, खुर्ची मागे सरकली, मुलाचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या बिलातला काही भाग निघेल. पण त्यानंतरचे कित्येक महिने आईची बुडालेली नोकरी, घरी ठेवलेला माणूस, नव्याने सुरू करावी लागणारी फिजिओ? हे पैसे ती केंद्राकडेच मागणार, आणि तिचं मागणं रास्त असेल.

यासाठी दोन वेगळ्या पॉलिसी लागतात, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. टॉयलेटबाहेरच्या ओल्या पॅसेजमध्ये कुणी घसरून पडलं, तर ती पब्लिक लायबिलिटी. ज्या मुलाला गिळायला त्रास आहे त्याला पाणी घट्ट न करता पाजलं, ठसका लागून ते फुफ्फुसात गेलं, किंवा व्यायाम देताना सांधा दुखावला, तर ती कामातली चूक; तिला प्रोफेशनल इंडेम्निटी लागते. पब्लिक लायबिलिटीत व्यावसायिक चुका सहसा वगळलेल्या असतात. 1991 च्या कायद्याने सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा केला, पण तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांना. आपल्यावर अशी सक्ती नाही, आणि ‘लागत नाही’ हा समज त्यातूनच पसरला असावा.

हमीपत्राबद्दल. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा छापील ओळीमागे हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही. गाडीच्या बाबतीत चालत नाही ते मुलाच्या बाबतीत चालेल, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. हमीपत्र जरूर घ्या. फिट्स येतात का, काय खायला चालत नाही, हे त्यात लिहून घ्या; त्याचा खरा उपयोग तोच आहे.

ट्रस्टचा मुद्दा अर्धाच खरा. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांबाबत म्हटलं की सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर ग्राहक कायदा लागू नाही. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत दिली, तर मोफत घेणारेही ग्राहकच. आपल्या किती केंद्रांत कुणाकडूनच फी घेत नाहीत?

मावशींच्या बाबतीत मला मेसेजची भाषा खटकते. वाढलेल्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा उचलणाऱ्या बाईची कंबर धरली की ‘घरच्यासारखं’ म्हणजे हजार-दोन हजार हातावर ठेवणं, असंच होतं. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, चूक कुणाची हे न बघता, हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून आहे आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, साधारणपणे 10 माणसांपासून पुढे लागू होतं. छोट्या केंद्रात तेवढी माणसं नसतात. मग कामगार भरपाईची पॉलिसी घ्या, आणि पगारपत्रकात सगळ्या मावशींची नावं असू द्या, अर्धवेळ येणाऱ्यांचीही.

सोसायटीचा विमा इमारतीचा असतो. ठाण्यात पाणी साचणाऱ्या वंदना टॉकीजच्या बाजूला तळमजल्यावर केंद्र असेल आणि जुलैत पाणी शिरलं, तर भिजलेल्या मॅट, स्टँडिंग फ्रेम, संगणक तुमचे. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. तीत आगीबरोबर पूरही येतो. व्हॅनचंही बघा: खासगी पॉलिसीवर पैसे घेऊन मुलं ने-आण केली, तर अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते.

राहिला ‘पैसे देत नाहीत’ हा आरोप. दावे नाकारले जातात, हे खरं आहे. पण ते टाळण्यासाठी काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. इंडेम्निटी पॉलिसी बहुधा दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते. घटना मार्चमध्ये, पॉलिसी जूनमध्ये सोडली, नोटीस ऑगस्टमध्ये आली, तर हातात काही नाही. म्हणून खंड पडू देऊ नका, आणि कंपनी बदलताना जुनी रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, म्हणजे जिच्यापासून पुढच्या घटना धरल्या जातात ती तारीख, नव्या पॉलिसीत लिहून घ्या. घटना घडली की नोटिशीची वाट न बघता त्याच दिवशी नोंदवहीत लिहा आणि कंपनीला कळवा. विम्याच्या प्रस्ताव-अर्जात वसतिगृह, पोहणं, सहली, जे जे करता ते सगळं सांगा. आणि स्पीच थेरपिस्ट व विशेष शिक्षकांची आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी चालू आहे ना, हे बघा. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, आणि संपलेल्या नोंदणीवर दिलेली थेरपी हे कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.