अकरा–शून्य व्हायचंय? मग जोड नीट निवडा

सात रस्त्यावर सिग्नल झाकून एक बॅनर लागलाय. ‘११–० अपराजित प्रोफेशनल बॉक्सर’. अकरावा विजय गेल्या रविवारचा. तिकीट पाचशेचं, मुख्य लढत चाळीस सेकंदांची. पाहून आल्यापासून वाटतंय, ही विद्या होतकरू पोरांपर्यंत पोचली पाहिजे. तर घ्या लिहून.

हौशी बॉक्सिंगच्या नादी लागू नका. जिल्हा असो की राज्य, तिथं जोड ड्रॉमधून पडते. समोर कोण येईल ते आपल्या हातात नसतं. वर सकाळी वजनाचा काटा, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि भोवती पाच जज. तिथल्या हारी व्यावसायिक रेकॉर्डमध्ये धरत नाहीत हे खरं, पण गल्लीतल्या पोरांना त्या पाठ असतात.

वजनकाटा घरीच ठेवा.

खरं काम जोड निवडायचं. रेकॉर्ड लिहितात विजय, पराभव, बरोबरी या क्रमानं, आणि नॉकआउट वेगळे. तुमचं ११–० सगळे वाचतात, समोरचा ०–९ होता हे कोण विचारतंय? फक्त हरण्यात मुरलेला माणूस आणू नका. इंग्लंडचा क्रिस्टियन लेट ३०० लढती लढला. १२ जिंकला, २७९ हरला, ९ बरोबरीत. असला गडी फार धोक्याचा. तो ठोसे दंडावर, खांद्यावर घेतो, अंगाला बिलगून वेळ काढतो आणि तुमच्या चॅम्पियनला चारही फेऱ्या खेळायला लावतो. मग दिसतं सगळं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर डावा हात हनुवटीशी न येता कमरेला जातोय, दुसऱ्या फेरीतच तोंड उघडं पडलंय, पाय एका रेषेत येतायत. त्यापेक्षा दोन महिने जिमला गेलेला, भाड्यापुरते पैसे हवे असलेला कुणीतरी गाठा. रविवारच्याला जॅब लागला खांद्याला. तो आधी हात टेकवून, मग गुडघा टेकवून, मग अलगद कुशीवर निजला. डोळे टक्क उघडे. रेफरी सहा, सात, आठ मोजतोय आणि हा आपल्या कोपऱ्याकडं बघतोय, उठायचं नाही ना म्हणून! आपल्याकडच्या जत्रेत असली नुरा कुस्ती लावून बघा. ढाक डाव बसायच्या आत गडी पाठीवर गेला की म्हातारी माणसं आधी शिट्ट्या मारतात, मग इनाम अडवतात. इथं मात्र हलगी वाजली, फेटा बांधला.

बेल्टचं सोपं आहे. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या जगज्जेतेपदाचे बेल्ट देणाऱ्या चार मोठ्या संघटना. तुम्ही पाचवी काढा, नावात ‘एशिया’ घाला.

विजेंदर सिंगचा कित्ता गिरवू नका. २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक कांस्य, २०१५ पासून व्यावसायिक, सलग १२ विजय. एवढं सांभाळलेलं शून्य १९ मार्च २०२१ ला गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर गेलं. रशियाच्या आर्तिश लोपसाननं पाचव्या फेरीत थांबवलं. पुढच्या वर्षी रायपूरला तो परत उतरला, जिंकला, आता १३–१. त्या एकासकट मिरवतो, काय करायचं!

मोहम्मद अली तर पाच वेळा हरला. बॅनरच्या लायकीचा नाही.

रिंग मंडपवाल्याकडूनच घ्या. फळ्या, वर हिरवं कार्पेट, झालं. कॅनव्हासखाली इंचभर फोम घालायचा खर्च कशाला? डोकं ठोशानं हलतंच, वर फळीवरही आपटू दे की. ग्लोव्हजही सरावातले जुने चालतात, आतला फोम एका बाजूला सरकलेले. म्हणजे समोरच्याच्या भुवईला थेट मूठच लागते. मुख्य लढतीच्या आधी जे पोरगं उभं केलं होतं, त्याला तशीच लागत होती. ते नाटक नव्हतं. पोरगं फार तर सत्तावन किलोचं, समोरचा सत्तरीच्या घरातला. दोनदा पडलं, दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा उठल्यावर चुकीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. चुकीच्या कोपऱ्यात जाणं म्हणजे काय ते रेफरीला कळत नसेल तर त्याला आत सोडला कुणी? डोक्यात रक्तस्राव झाला तर हातात थोडेच तास असतात. डॉक्टर कुठं होता? अँब्युलन्स कुठं होती? डीजेच्या दोन गाड्यांना पैसे होते! नॉकआउट झालेल्याला निदान महिनाभर तरी रिंगणात येऊ देत नाहीत, आणि तुम्ही त्याला पाणी मारून फोटोला उभं केलं.

काय बे, लाज वाटत नाही? पोराला न्या आधी, डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या, पैसे तुम्ही भरा. पुढच्या वेळी दोघांची वजनं आदल्या दिवशी लोकांसमोर घ्या आणि समोरच्याचा रेकॉर्ड तुमच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. जमत नसेल तर तो बॅनर उतरवा. खाली सिग्नल लाल आहे की हिरवा, दिसत नाही.