दहा फुटांवरची बुट्टी

माझी उंची 5 फूट 11 इंच. पुण्या-मुंबईत एवढ्या उंचीला कोणी ढुंकून बघत नाही. पण आमच्या बेळगावच्या कचेरीत बाकी सगळे पाच-चार, पाच-पाचवर येऊन थांबलेत, त्यामुळं तिथं मी म्हणजे खात्याची शिडी. कपाटावरच्या फायली मी काढायच्या, भिंतीवरचं घड्याळ मी लावायचं. घरी माळ्यावरची बुट्टी मी उतरवायची. शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर पोरांचा चेंडू गेला की काकू माझ्या आईला हाक मारतात, "तुमचा उंच हाय काय घरात?" मला नावसुद्धा नाही.

तर खात्याखात्यांच्या बास्केटबॉल स्पर्धा निघाल्या आणि साहेबांनी बोलावलं.

"चार जण मिळालेत. पाचवे तुम्ही."

"साहेब, मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही."

"उंची हाय न्हवं?"

विषय संपला. म्हशीला शिंगं आहेत म्हणून तिला कोणी कुस्तीला उतरवत नाही, हे साहेबांना सांगायचं राहून गेलं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बुट्टीत चेंडू टाकायचा? त्यात रे काय एवढं? आणि त्यासाठी साहेबच तुला कामाला बुट्टी मार म्हणायलेत?"

हा छळ शोधला कोणी, ते रात्री वाचत बसलो. आरोपी सापडला. जेम्स नेस्मिथ, मूळचा कॅनडाचा, अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए विद्यालयात शिक्षक. साल 1891, डिसेंबर. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत व्यायामशाळेत कवायतीला कंटाळलेली 18 दांडगी पोरं. त्याचे वरिष्ठ गुलिक म्हणाले, चौदा दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ काढ. म्हणजे साहेब तिथंही होतेच. नेस्मिथनं डोकं लढवलं. गोल जमिनीवर उभा ठेवला की पोरं ताकदीनं चेंडू हाणणार आणि एकमेकांची हाडं मोडणार. तोच डोक्यावर आडवा टांगला तर चेंडू अलगद, कमानीतून टाकावा लागणार. मग त्यानं शिपायाकडं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या बुट्ट्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता जमिनीपासून 10 फुटांवर, म्हणून बुट्टी 10 फुटांवर, म्हणून आज जगभर रिंग 10 फुटांवर. कुणा गवंड्यानं तो कठडा दोन फूट खाली बांधला असता तर मी आज बेळगावातला मोठा खेळाडू असतो. हात पूर्ण वर केला तरी रिंग माझ्या बोटांपासून सव्वादोन फूट लांब राहते.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. त्या बुट्ट्यांना बूड होतं. गोल झाला की चेंडू आतच बसायचा, आणि कुणीतरी शिडी लावून वर चढून तो काढायचा. पहिल्या सामन्यात म्हणे एकच गोल झाला. ज्यानं तो केला त्याचं कौतुक झालं असेल. मला मात्र त्या शिडीवाल्याबद्दल सख्ख्या भावासारखी माया वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला सराव. पावसाळी चिळचिळ, बुटांना तांबडी माती. शिकवणारे सर धारवाडकडचे. मराठी बोलायचे, पण खेळात रंग चढला की कन्नडवर जायचे. चेंडू तळहातानं नाही, बोटांनी आपटायचा, आणि नजर समोर. माझी नजर चेंडूवरून हलेना. उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसा मी त्याच्याकडं बघत होतो. मधेच घाबरून दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा आपटायला लागलो. शिट्टी. डबल ड्रिबल. चेंडू धरून चाललो. शिट्टी. ट्रॅव्हलिंग. नेस्मिथच्या मूळ 13 नियमांत तर चेंडू घेऊन पळताच येत नव्हतं, जिथं झेलला तिथूनच टाकायचा. तो नियम बदलला कशाला?

रिंगकडं चेंडू टाकायला शिकवताना सर म्हणाले, "तुमच्यात मांडे करतात न्हवं? त्या बाईचं मनगट बघितलाय? तसं सैल पायजे." बघितलंय तर! आमची मामी मनगटांवर असा मांडा फिरवते की कापडासारखा पातळ होत जातो. मी मनगट सैल सोडलं. चेंडू माझ्याच डोक्यावर आला.

सामन्याच्या दिवशी मी साधा बेत केला होता, रिंगखाली जाऊन उभं राहायचं. उंच माणूस आणखी काय करणार? पण तिथंही नियम. आपल्या संघाकडं चेंडू असताना समोरच्यांच्या रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. बाहेरून सर ओरडताहेत, "ओंदु, एरडु, मूरु!" सरकारी माणसाला तीन सेकंदांत जागा सोडायला सांगायचं म्हणजे काय! आमच्याकडं फाईल एका टेबलावरनं उठायला तीन महिने घेते. इथं चेंडू हातात आल्यापासून 24 सेकंदांत रिंगकडं टाकला पाहिजे. असलं खातं चालणार कसं?

मग ते घडलं. समोरचा गडी चेंडू घेऊन सुटला, मी त्याच्या मागं, आणि सर बेंबीच्या देठापासून ओरडले, "ओडु!"

कन्नडमध्ये ओडु म्हणजे पळ. हे मला चांगलं ठाऊक आहे, जन्म बेळगावात गेला. पण घाईच्या वेळी माझे कान मराठीच राहतात. मला ऐकू आलं, "ओढ!" मी ओढलं. त्याचा बनियन खांद्यापासून कमरेपर्यंत फाटून माझ्या हातात.

"अहो, मी पळ म्हटलो!" सरांनी कपाळाला हात लावला.

तो माझा पहिला फाऊल. पाच झाले की खेळाडू बाहेर, हा एकच नियम मी आवडीनं पाठ केला होता. उरलेले चार मी फार वेळ न लावता उरकले आणि बाकावर येऊन चहा घेतला. दमलो होतो, पण समाधान होतं.

तिसरा घोट घेतला आणि मैदान एकदम शांत झालं. आमच्या एकानं टाकलेला चेंडू रिंग आणि फळी यांच्या फटीत जाऊन घट्ट बसला होता. खालून दुसरा चेंडू मारून झाला, काठी पुरेना. मग दोन्ही संघ, पंच आणि साहेब, सगळ्यांनी सावकाश माना वळवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी कप खाली ठेवला. वॉचमनच्या खोलीमागं शिडी होती.

"ओडु!" सर ओरडले.

या खेपेला बरोबर ऐकू आलं. शिडी खांद्यावर घेऊन मी मैदानात धावत सुटलो. चार पावलं झाली असतील, तेवढ्यात समोरच्या बाकावरनं फाटक्या बनियनवाला ओरडला, "ट्रॅव्हलिंग!"