जंतांसाठी मांजराला लसूण देऊ नका : खुलासा

‘मांजराच्या जेवणात रोज लसणाची एक पाकळी ठेचून घाला, आठवड्यात सगळे जंत पडतात’ असा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे आणि मांजराच्या जिवावर बेतू शकतो. मी पशुवैद्य आहे, म्हणून स्पष्ट लिहितेय.

लसूण-कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींच्या कडेला बारीक फुगवटे दिसतात. त्रास लगेच जाणवत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, मांजर मलूल होतं, लघवी गडद तपकिरी होते. तोवर लसूण दिल्याचं कुणाला आठवतही नाही.

मग ‘आमच्या मनीचे जंत खरंच पडले’ असं लोक का सांगतात? शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात ते पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यातल्या फितीसारख्या लांब जंताचे, तुकडे. औषध न देताही ते गळतात! जंताचं डोकं आतड्याला चिकटलेलंच राहतं आणि नवे तुकडे तयार होत जातात.

पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, गोलकृमी या दुसऱ्या प्रकारच्या जंतावर पायरँटेल ही औषधं आहेत; मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. पिसवांचाही बंदोबस्त हवा. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि पिसवेच्या पोटातल्या अळीतून पट्टकृमी परत येतो. पिल्लांना तर आईच्या दुधातूनच गोलकृमी होतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. लसूण आधीच दिला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता मांजराला दवाखान्यात न्या.