‘अँड्रॉइड म्हणजे चोरीचा माल’: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आर्णी-पुसद भागातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अँड्रॉइड चोरीचं आहे हे कोर्टात सिद्ध झालंय, पेटंटच्या (शोधावरच्या मालकी हक्काच्या) भांडणाचा गिऱ्हाइकाशी काही संबंध नाही, जुन्या फोनमध्ये दुसरी रॉम, म्हणजे कंपनीने दिलेल्याऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकणं गुन्हा आहे, आणि भारताने सॉफ्टवेअरला पेटंट दिलं तर खेड्यातला पोरगाही करोडपती होईल. माझं पोट याच धंद्यावर आहे, म्हणून एकेक दावा तपासून लिहितोय.

१. ‘चोरी कोर्टात सिद्ध झाली.’ साफ खोटं. अँड्रॉइड बनवणाऱ्या गूगलवर ओरॅकल या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये दावा ठोकला, त्यात आपल्या जावा या प्रोग्रामिंग भाषेची सात पेटंटं पुढे केली होती. मे २०१२ मध्ये ज्यूरीने सांगितलं की पेटंटचा भंग झालेला नाही. कॉपीराइटचा, म्हणजे कोड नकलल्याचा, वाद मात्र लांबला आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूने निकाली काढला. ॲपलविरुद्ध सॅमसंग हरली होती हे खरं, पण तो निकाल एका कंपनीच्या काही फोनांपुरता होता.

२. ‘गिऱ्हाइकाशी संबंध नाही.’ हे वाचून मला खरोखर राग आला. ३२ जीबीच्या वरचं मेमरी कार्ड कंपनीतूनच एक्सफॅट फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या एका पद्धतीत, येतं. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं, त्यावर तिची पेटंटं, आणि फोनमध्ये ते द्यायचं तर परवाना घ्यावा लागायचा. त्यामुळे ज्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, अँड्रॉइड उभं आहे, त्याच्या मूळ कोडमध्ये एक्सफॅटचा ड्रायव्हर (तसं कार्ड वाचणारा प्रोग्राम) कित्येक वर्षं आलाच नाही. काउंटरवर याचा अर्थ काय होतो ते बघा. कापसाचा चुकारा घेऊन माणूस बाजाराला येतो. खिशात ६४ जीबीचं कार्ड, पुतण्याने त्यात लग्नाचे फोटो भरून दिलेले. स्वतःच्या जुन्या, स्वस्तातल्या फोनमध्ये घातलं की फोन म्हणतो, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. ‘भाऊ, नवं कोरं कार्ड हाय, याले काय झालं?’ कार्डाला काहीच झालेलं नसतं. पण घाईत बोट ‘फॉरमॅट’वर पडलं की फोटो गेले. दुकानात आणलंच तर आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, कार्ड एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये करायचं आणि मग परत भरून द्यायचं.

बरं, ड्रायव्हर लिहिणं अवघड होतं का? सॅमसंगच्या ड्रायव्हरचा कोड २०१३ मध्येच खुला झाला होता. तरी मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला करेपर्यंत लिनक्सची वाट मोकळी झाली नाही. सॅमसंगचाच सुधारलेला ड्रायव्हर २०२० मध्ये लिनक्स ५.७ मध्ये आला. अडलं होतं ते पेटंटपाशी.

पैशाचंही ऐका. एचटीसीने २०१० मध्ये आणि सॅमसंगने २०११ मध्ये अँड्रॉइड फोनांसाठी मायक्रोसॉफ्टशी पेटंट करार केले. पुढे कोर्टातल्या कागदांतून कळलं की एकट्या सॅमसंगने एका वर्षात १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजली. ज्या कंपनीने अँड्रॉइड बनवलंच नाही, तिला.

३. ‘रॉम टाकणं गुन्हा.’ अँड्रॉइडचा खुला कोड मुख्यतः अपाची २.० या खुल्या परवान्यावर मिळतो. वापरा, बदला, वाटा, ही मुभा त्यातच लिहिलेली आहे, आणि कोड देणाऱ्यांनी आपल्या त्या कोडवरच्या पेटंटचा हक्कही त्यातच मोकळा केलेला असतो. वॉरंटी जाऊ शकते, आणि गूगलची स्वतःची ॲप या परवान्यात येत नाहीत, एवढं गिऱ्हाइकाला आधी सांगा.

४. ‘पेटंट द्या, पोरगा करोडपती होईल.’ आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने ही मेख सैल करून पाहिली होती. २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. तरीही प्रोग्राममुळे यंत्राचं काम सुधारतं असा ‘तांत्रिक परिणाम’ दाखवून पेटंटं मिळतात, ती वेगळी गोष्ट.

समजा ती मेख काढलीच. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, ती पोरगा भरेल. पण आपल्या ॲपमधली कुठली गोष्ट आधीच कुणाच्या पेटंटमध्ये बसते, हे तो कसं शोधणार? गूगलसारख्या कंपनीने २०११ मध्ये मोटोरोला मोबिलिटी १२.५ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, त्यामागचं मोठं कारण तिची हजारो पेटंटं हेच होतं. दावे लागले तर उलट दाखवायला काहीतरी हवं म्हणून. पुसदच्या पोराकडे असं काय आहे? एक नोटीस आली की वकिलाच्या फीतच ॲप बंद. आज मात्र त्याने लिहिलेल्या कोडवर त्याचा कॉपीराइट आहे. तो आपोआप मिळतो, अर्ज न करता, आणि दुसऱ्याने तीच सोय स्वतःच्या डोक्याने लिहिली तर तिलाही आडवा येत नाही.